नऊ नंबरचा हिशोब

४ जून २०१६, शनिवार. मिरांदा दे एब्रो या गावातल्या आंदुवा मैदानावर लेगानेसनं मिरांदेसला १-० असं हरवलं आणि क्लबच्या ८८ वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा स्पेनच्या पहिल्या विभागात पाऊल टाकलं. मी तेव्हा माद्रिदजवळच्या लेगानेसमध्येच राहत होतो. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते, समोरच्या बाल्कनीतल्या आजीबाई पातेल्यावर पळी बडवत होत्या. आणि मी खोलीतल्या खिडकीशी उभा राहून कोल्हापूरला फोन लावत होतो. तिकडे रात्र झाली होती, पण मामा जागा असणार हे मला माहीत होतं.

"चढली का टीम?" त्यानं फोन उचलताच विचारलं.

"चढली मामा!"

"गोल कुणी मारला?"

"इन्सुआनं."

"फॉरवर्ड हाय का त्यो?"

"नाही. सेंटर बॅक. बचावातला."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग मामा म्हणाला, "बरं. आणि त्यांचा नऊ नंबर काय करत हुता?"

मला उत्तर देता आलं नाही. मी सामना बारमध्ये, पन्नास माणसांच्या खांद्यांमधून पाहिला होता. चेंडू जिथे जाईल तिथे माझे डोळे गेले होते. नऊ नंबरचा खेळाडू, म्हणजे सगळ्यात पुढचा सेंटर फॉरवर्ड, चेंडूपासून दूर काय करतोय हे पाहायची सवय मला तेव्हा नव्हती. ती पुढच्या दोन वर्षांत लागली. ज्या माणसामुळे लागली त्याच्याविषयी बरेच दिवस लिहायचं मनात आहे.

आसिएर गारितानो. जन्म डिसेंबर १९६९, बास्क प्रदेशातल्या गिपुस्कोआ प्रांतात, बेर्गारा या गावी. पोरवयात अॅथलेटिक बिल्बाओच्या व्यवस्थेत आला. हा क्लब बास्क मातीतल्याच खेळाडूंना घेतो. त्यामुळे तिथल्या पोराला लेसामाला, क्लबच्या सरावाच्या मैदानावर, सराव करायला मिळणं म्हणजे घरच्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरावं अशी गोष्ट. गारितानो फॉरवर्ड होता. क्लबच्या दुसऱ्या संघापर्यंत, बिल्बाओ अॅथलेटिकपर्यंत पोचला. त्या संघातून पुढचं दार सान मामेसला, मुख्य संघाच्या स्टेडियमला उघडतं. त्याच्यासाठी ते उघडलं नाही. खेळाडू म्हणून तो स्पेनच्या पहिल्या विभागात एकही सामना खेळला नाही. पुढची सगळी वर्षं खालच्या विभागांत गेली, आज या गावाच्या क्लबात, उद्या त्या. शेवटी तो स्पेनच्या पार दुसऱ्या टोकाला, भूमध्य समुद्राकाठच्या अलिकान्तेला पोचला. तिथेच बूट उतरवले आणि तिथेच प्रशिक्षक झाला.

इतकंच. याहून जास्त त्याच्या खेळाडूपणाविषयी कुणी फारसं लिहिलेलं नाही. खालच्या विभागातल्या स्ट्रायकरचे गोल कुणी साठवून ठेवत नाही. ज्या पाच-सातशे माणसांनी ते पाहिले त्यांच्या डोक्यात असतील तेवढेच.

हे मला नवं नव्हतं, कारण माझा मामा तसाच होता.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना एक सांगायला हवं. आमच्याकडे फुटबॉल पेठेचा असतो. एकेका पेठेची तालीम. तालमीत एकेकाळी फक्त कुस्ती होती, मग तिथूनच फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावं आमच्याकडे लहान पोरांना बाराखडीआधी कळतात. हिवाळा लागला की शाहू स्टेडियमवर सामने सुरू होतात आणि पेठेतल्या माणसाचं वेळापत्रक त्यावर ठरतं. कुणाच्या साखरपुड्याची तारीखसुद्धा सामन्याचा दिवस बघून धरलेली मी पाहिली आहे. मामा आमच्या पेठेकडून सेंटर फॉरवर्ड खेळायचा. दिवसभर लेथवर काम, संध्याकाळी सराव. पेठेबाहेर त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. गुडघ्यानं साथ सोडल्यावर त्यानं पोरांना शिकवायला घेतलं, ते आजतागायत. पैसे घेतले नाहीत कधी. पावसाळ्यात मैदानाचं तळं झालं की रस्त्याच्या कडेला पोरांना उभं करून नुसतं जागेवर पळवायचा.

२०१४ च्या सप्टेंबरात मी पीएचडीसाठी कार्लोस तिसरा विद्यापीठाच्या लेगानेस परिसरात गेलो, तेव्हा गाव कसं असेल याची मला काहीच कल्पना नव्हती. माद्रिदपासून दक्षिणेला दहा-अकरा किलोमीटर. आतोचा स्टेशनवरून लोकल धरली की थोड्याच वेळात पोचतो. पावणेदोन लाखांवर वस्ती. साठ-सत्तरच्या दशकांत एक्स्त्रेमादुरा, अंदालुसिया, कास्तिया अशा भागांतून पोट भरायला आलेल्या माणसांनी भरलेलं हे उपनगर. विटांच्या चार-पाच मजली इमारती, खाली बार, बारमध्ये सकाळपासून कॉफी घेणारे कामगार. आमचा विभाग जिथे होता ती इमारत अठराव्या शतकातली, साबातीनी या वास्तुविशारदानं आखलेली सैनिकांची बरॅक. तिच्या जाड भिंतींत उन्हाळ्यातसुद्धा गार वाटायचं.

त्याआधी तिथे शेती होती. लेगानेसच्या मळ्यांतली काकडी माद्रिदच्या बाजारात प्रसिद्ध होती, म्हणून गावकऱ्यांना आजूबाजूचे लोक 'पेपिनेरो' म्हणायचे, म्हणजे काकडीवाले. हे नाव चिडवण्यासाठी पडलं असेल, पण गावानं ते अभिमानानं घेतलं. क्लबचा शुभंकरसुद्धा एक हसरी, पांघरूण घेतलेली काकडी आहे, 'सुपर पेपिनो'. मळे गेले, त्यांवर इमारती आल्या, आणि काकडी फुटबॉलमध्ये राहिली. मला हे फार आवडलं. आमच्याकडे तालमीत कुस्ती कमी झाली तरी संघाच्या नावात तालीम राहिली, तसंच.

विभागातल्या एका सहकाऱ्यानं मला पहिल्यांदा बुतार्केला नेलं. बुतार्के म्हणजे गावाची ग्रामदेवता, व्हर्जिन ऑफ बुतार्के. ऑगस्टात तिची जत्रा भरते, आणि स्टेडियमलाही तिचंच नाव. १९९८ मध्ये बांधलेलं, तेव्हा जेमतेम आठ हजार माणसं मावतील एवढं. त्या दिवशी अर्धंअधिक रिकामं होतं. लोक सूर्यफुलाच्या बिया दातांनी फोडत होते आणि टरफलं पायाशी टाकत होते. सामना संपेपर्यंत पायऱ्यांवर टरफलांचा थर साचला होता. त्या चरचर आवाजात मला शाहू स्टेडियमवरचे शेंगदाणे आठवले. मी मामाला त्याच रात्री कळवलं की जागा सापडली.

क्लबची अवस्था तेव्हा काय होती? १९९३ ते २००४ लेगानेस दुसऱ्या विभागात होता. १९९७ मध्ये रेआल माद्रिदनं तिथे एक कोवळा पोरगा उसना पाठवला होता, सॅम्युएल एटो. मग २००३ मध्ये अर्जेंटिनातला संगीत कार्यक्रमांचा आयोजक दानिएल ग्रिनबांक यानं क्लब विकत घेतला, होसे पेकेरमानसारख्या नावाजलेल्या माणसाला आणलं, अर्जेंटिनाचे खेळाडू भरले. मोसम अर्ध्यावर असतानाच मालक निघून गेला आणि क्लब तिसऱ्या पायरीवर घसरला. तिथे दहा वर्षं. कर्ज, उशिरा पगार, क्लब बंद पडेल की काय अशी भीती. बुतार्केमध्ये माझ्या शेजारी बसणारे एक निवृत्त बसचालक होते. त्या दहा वर्षांविषयी विचारलं की ते बोटानं समोरची रिकामी बाजू दाखवायचे आणि पुन्हा बिया फोडायला लागायचे.

ही तिसरी पायरी म्हणजे सेगुंदा बे. नावात 'दुसरा' असला तरी तो खरा तिसरा विभाग. १९७७ पासून २०२१ पर्यंत चालला. चार गट, एकेका गटात वीसेक क्लब, म्हणजे जवळपास ८० क्लब. त्यांतले फक्त चार दरवर्षी वर जायचे. वर्षभर गटात पहिल्या चारांत राहायचं, मग मे-जूनमध्ये बाद फेऱ्यांचे सामने, आणि तिथे एका दुपारी पाय घसरला की वर्ष पाण्यात. पुन्हा ऑगस्टपासून सुरुवात. करार बहुतेकांचे एकेका वर्षाचे. बायको-पोरं घेऊन दर उन्हाळ्यात नवं गाव, नवी भाड्याची खोली, पोराला नवी शाळा. रात्रभर बसनं प्रवास, सकाळी सामना, पुन्हा बस. हेच फुटबॉल बघून मोठे झालेले स्पॅनिश लोक त्याला 'चिखलातलं फुटबॉल' म्हणतात.

स्ट्रायकरसाठी तर हे जग जास्तच कठोर. बॅकनं चूक केली तर लोक शिव्या देतात, पण दुसऱ्या दिवशी विसरतात. स्ट्रायकरनं चार सामने गोल केला नाही की पुढच्या वर्षीचा करार जातो. मैदानावर नव्वद मिनिटांत त्याच्या पायाशी चेंडू येणार दोन-तीन मिनिटं. उरलेला सगळा वेळ तो धावत असतो, जागा शोधत असतो, धक्के खात असतो, आणि चेंडू न मिळूनही पुन्हा धावत असतो. मामा म्हणायचा, "सेंटर फॉरवर्डचा जलम वाट बघन्यात जातो." तो हे तक्रार म्हणून सांगत नसे. पोरांना कामाची माहिती द्यावी तसं सांगायचा.

गारितानोनं प्रशिक्षक म्हणूनही सुरुवात याच चिखलातून केली. अलिकान्ते, आणि पुढे अल्कोय या डोंगरातल्या गिरण्यांच्या गावचा अल्कोयानो. या अल्कोयानोवरून स्पॅनिशमध्ये एक म्हणच आहे. कुणी हार मानायलाच तयार नसेल तर म्हणतात, याची हिंमत अल्कोयानोपेक्षा जास्त. गोष्ट अशी सांगतात, की हा संघ एकदा ढीगभर गोलांनी मागे होता, शिट्टी वाजायची वेळ झाली होती आणि खेळाडू पंचाकडे वेळ वाढवून मागत होते, कारण त्यांना वाटत होतं अजून बरोबरी साधता येईल. खरं-खोटं देव जाणे. मी ही गोष्ट मामाला फोनवर सांगितली तेव्हा तो हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "मग? मागायलाच पायजे."

२०१३ च्या उन्हाळ्यात गारितानो अल्कोयवरून लेगानेसला आला. सोबत काही भपका नाही, गाजलेलं नाव नाही. पहिल्याच वर्षी, जून २०१४ मध्ये, लेगानेसनं ओस्पितालेतविरुद्धची शेवटची पायरी ओलांडली आणि दहा वर्षांनी क्लब दुसऱ्या विभागात परतला. पुढच्या वर्षी दहावा. आणि २०१५-१६ मध्ये दुसरा, पहिल्या क्रमांकाच्या आलावेसपेक्षा एका गुणानं मागे. तीन वर्षांत तिसऱ्या पायरीवरून पहिलीवर. याच मोसमात शेजारचा खेताफे आणि माद्रिदमधलाच रायो वायेकानो पहिल्या विभागातून खाली आले. खेताफे आणि लेगानेस यांच्यात एका रस्त्याचं अंतर. त्या जूनमध्ये रस्त्याच्या एका बाजूला गाणी होती आणि दुसऱ्या बाजूला दारं बंद.

हा प्रवास गारितानोसोबत ज्यांनी केला त्यांच्यात मला सगळ्यात जवळचा वाटला तो मार्तीन मांतोवानी. अर्जेंटिनाचा सेंटर बॅक, संघाचा कप्तान. स्पेनच्या खालच्या विभागांत वर्षानुवर्षं भटकून २०१३ मध्येच लेगानेसला आला. सेगुंदा बेमध्ये त्यानं ज्या दंडावर पट्टी बांधली त्याच दंडावर पट्टी बांधून तो तीन वर्षांनी मेस्सीसमोर उभा राहिला. नवा पैसा आला, नवे खेळाडू आले, तरी प्रशिक्षकानं जुन्या माणसांना टाकलं नाही. याला कुणी भाबडेपणा म्हणेल. मला वाटतं, जो माणूस स्वतः दर उन्हाळ्यात बॅग भरून बसलेला असतो, त्याला दुसऱ्याची बॅग भरायला सांगताना दहादा विचार करावासा वाटतो.

आता त्या संघाच्या खेळाविषयी. सुरुवातीला मला तो अजिबात आवडला नाही, हे कबूल करतो. मी ज्या वयात स्पॅनिश फुटबॉलच्या प्रेमात पडलो ते वय बार्सिलोनाच्या छोट्या पासांचं. आणि इथे चार-चारच्या दोन ओळी एकमेकींना चिकटून उभ्या, मधे जागा नाही, चेंडू समोरच्याकडे, आणि आपण फक्त सरकतोय. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. भात लावताना बायका ओळीनं मागे सरकतात तसं, एका लयीत. चेंडू हिसकावला की दोन-तीन पासांत पुढे. फ्री किक, कॉर्नर मिळाला की सगळे गंभीर, जणू तोच खरा खेळ. पहिल्या विभागातल्या दोन्ही मोसमांत या संघानं ३८ सामन्यांत गोलांची चाळिशीसुद्धा गाठली नाही.

एका फॉरवर्डचा संघ असा असावा याचं मला आश्चर्य वाटायचं. मामाला नाही वाटलं. "फॉरवर्डला म्हाईत असतं रं," तो म्हणाला, "गोल किती अवघड असतोय ते. म्हणून त्यो आदी आपला गोल राखतोय."

मग मी नऊ नंबरकडे बघायला शिकलो. सामना सुरू झाला की पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त त्याच्याकडे, असा नियम घातला. आणि मला वेगळाच सामना दिसायला लागला. समोरचा सेंटर बॅक चेंडू घेऊन मान वर करतो, तेव्हा हा नेमका अशा तिरक्या रेषेत धावतो की बॅकला मधला पास देताच येत नाही, तो बाजूला द्यावा लागतो. तिथे आपले तिघे आधीच उभे. कॉर्नर समोरच्यांना मिळाला की हा पहिल्या खांबाशी परत येऊन उभा. चेंडू उंच आला की जिंकायचाच असं नाही, नुसती उडी मारून समोरच्याला नीट हेडर करू द्यायचा नाही. असं पन्नासदा. त्यातून एकदा कुठेतरी चेंडू सैल पडतो, मागून येणाऱ्याला सापडतो, आणि कागदावर नाव येतं मागून येणाऱ्याचं.

२२ ऑगस्ट २०१६, सोमवार रात्र. पहिल्या विभागातला लेगानेसचा पहिला सामना, विगोच्या बालाईदोस मैदानावर, सेल्टाविरुद्ध. वयाच्या ४६ व्या वर्षी गारितानोचाही पहिला. लेगानेसनं तो १-० जिंकला. गोल विक्तोर दियासचा. राइट बॅक! मामाला सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला की त्यानं नऊ नंबरचं विचारलंच नाही. मीच सांगितलं, की नऊ नंबर सत्तर मिनिटं दोन बॅकना अंगावर घेऊन फिरत होता. "आता बघायला लागलास," मामा म्हणाला. त्याच्याकडून आजवर मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

पाच दिवसांनी अॅटलेटिको माद्रिद बुतार्केला आला आणि ०-० घेऊन गेला. मग सप्टेंबरात बार्सिलोनानं ५-१ असं धुतलं, आणि आमच्या जिन्यात दोन दिवस कुणी फुटबॉलविषयी बोललं नाही. फेब्रुवारीत बार्सिलोनाच्या काम्प नोऊवर मात्र हाच संघ अगदी शेवटापर्यंत १-१ वर होता. नव्वदाव्या मिनिटाला पेनल्टी, मेस्सीचा गोल, २-१. त्या रात्री बारमध्ये कुणी ओरडलं नाही. बारवाल्यानं सगळ्यांना एकेक पेला भरून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

आणि मग तो मे महिना. १४ मे २०१७, शेवटून दुसरा सामना. लेगानेसला पहिल्या विभागात टिकायला एक गुण लागत होता आणि सामना होता सान मामेसवर. जुनं सान मामेस पाडून त्याच्याच शेजारी उभं केलेलं नवं स्टेडियम हे, पण नाव तेच, क्लब तोच. ज्या दारापाशी एका फॉरवर्ड पोराला थांबावं लागलं होतं, ते हे दार. सामना १-१ सुटला. लेगानेस टिकला. टीव्हीवर गारितानो काही क्षण दिसला. मी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होतो, पण तो माणूस चेहऱ्यावर फारसं काही येऊ देत नाही. हात मिळवले आणि आत गेला. त्याच्या मनात त्या वेळी काय होतं ते सांगायचा मला अधिकार नाही. माझ्या मनात काय होतं ते सांगतो. मला मामाचा उजवा गुडघा दिसत होता. शेकून शेकून कातडी काळी पडलेला.

२४ जानेवारी २०१८ ची रात्र तर लेगानेसमधल्या माणसाला विचाराच. राजाच्या चषकाची, म्हणजे स्पेनमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी. पहिला सामना आठवड्यापूर्वी बुतार्केवर झाला होता. कडाक्याची थंडी, आणि ८९ व्या मिनिटाला आसेन्सिओनं गोल करून रेआल माद्रिदला १-० मिळवून दिला होता. म्हणजे आता रेआलच्या मैदानावर, बेर्नाबेऊवर जाऊन जिंकायचं. समोर सलग दोन वर्षं युरोप जिंकलेला क्लब, प्रशिक्षकाच्या बाकावर झिदान. आमच्या बारमध्ये उभं राहायला जागा नव्हती, दारात माणसं कोट घालून आत डोकावत होती. एकतिसाव्या मिनिटाला एरासोनं लांबून मारला. चेंडू वरच्या कोपऱ्यात. मध्यंतरानंतर लगेच बेंझेमानं बरोबरी केली. आणि ५५ व्या मिनिटाला कॉर्नर, गॅब्रिएल पिरेसचं हेडर. २-१. दोन सामने मिळून २-२, पण परक्या मैदानावरचे गोल लेगानेसचे जास्त. उरलेली पस्तीस मिनिटं मी कशी काढली ते सांगता येत नाही. एवढं आठवतं, की निवृत्त बसचालकांनी माझा दंड धरून ठेवला होता आणि सामना संपल्यावर बोटांचे वळ उठले होते.

एरासो मधल्या फळीचा. गॅब्रिएलही. मामाला ही दोन नावं सांगितली तेव्हा पहाट व्हायची होती. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मारनारा कुनीबी असूदे. त्या मास्तरानं कवातरी फॉरवर्डचं काम केलंय, हे दिसतंय." स्पेनमध्ये खेळाडू प्रशिक्षकाला 'मिस्तर' म्हणतात. मामानं त्याचा 'मास्तर' कधीच करून टाकला होता, आणि मला तो शब्द जास्त नेमका वाटतो.

उपांत्य फेरीत सेविया पुढे गेला. त्या मोसमातही लेगानेस सतराव्या क्रमांकावर राहून टिकला. आणि मे महिन्यात गारितानोनं क्लब सोडला.

यापुढचं मी भराभर सांगतो, कारण मला ते सांगायला आवडत नाही. तो रेआल सोसिएदादला गेला, म्हणजे स्वतःच्या गिपुस्कोआ प्रांताच्या मोठ्या क्लबला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला काढलं. २०१९ मध्ये आलावेसला गेला. जुलै २०२० मध्ये, मोसमाचे चार सामने उरले असताना तिथूनही काढलं. त्याच जुलैत लेगानेस पहिल्या विभागातून खाली आला. जानेवारी २०२१ मध्ये गावानं आपल्या मास्तरला परत बोलावलं. संघ तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, पण बाद फेरीत रायो वायेकानोनं दार लावलं, आणि त्याच वर्षाच्या शरदात तोही मुक्काम संपला.

मी याला अपयश म्हणायला तयार नाही. मोठ्या क्लबात वेगळी भूक असते. तिथे चेंडू आपल्याकडे असणार हे गृहीत धरलेलं असतं आणि प्रेक्षक देखणा खेळ मागतात. त्याला चेंडू नसतानाचा खेळ येत होता. तो त्याला आयुष्यानं शिकवला होता. ज्याला जे येतं ते ज्या गावाला हवं असतं, ते गाव आणि तो माणूस एकमेकांना नेमके सापडावेत, हे किती क्वचित घडतं! पाच वर्षं घडलं. मी त्यातली चार डोळ्यांनी पाहिली.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मामाबरोबर मैदानावर गेलो. त्याआधी, ऑक्टोबर २०१७ मध्ये, भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळून गेला होता, फॉरवर्ड म्हणून. तेव्हापासून मामाकडच्या प्रत्येक पोराला फॉरवर्डच व्हायचं होतं. त्या दिवशी वीस-बावीस पोरं, सगळी चेंडूमागे, मधमाश्यांसारखी. मामा कमरेवर हात ठेवून उभा. मी मोबाइलवर बेर्नाबेऊचा दुसरा गोल लावून त्याच्यापुढे धरला. त्यानं पाहिला. परत लाव म्हणाला. तिसऱ्या वेळी त्यानं बोट ठेवून चित्र थांबवलं. गॅब्रिएल हवेत होता, पण मामाचं बोट त्याच्यावर नव्हतं. पहिल्या खांबाकडे धाव घेऊन एका बॅकला सोबत ओढून नेणाऱ्या खेळाडूवर होतं. त्याचं तोंड चेंडूकडे होतं आणि चेंडू त्याच्याकडे येणार नव्हता.

मामानं पोरांना जवळ बोलावलं. बाविसाच्या बावीस डोकी त्या लहानशा पडद्यावर वाकली.

"ह्यो बघा," तो म्हणाला. "ह्याला बघा."

एका पोरानं विचारलं, "पन मामा, गोल तर त्येनं मारला न्हाई."

"पळ तू आदी," मामा म्हणाला, आणि कॉर्नर घ्यायला स्वतः लंगडत झेंड्याकडे निघाला.